वहिनींचा अंधार आणि झुंबराचा गोंद

आमच्या टीव्हीला लाल ठिपका नाही. म्हणजे बनवणाऱ्याने दिला होता, पण वहिनींनी त्यावर काळी पट्टी चिकटवली. मायक्रोवेव्हच्या घड्याळावर पट्टी, इंटरनेटच्या डबीवर पट्टी, इस्त्रीच्या दिव्यावर पट्टी. इस्त्री तापली की नाही हे आमच्याकडे हात जवळ नेऊन ओळखायचं असतं, आणि त्यात माझे दोन शर्ट कामी आले आहेत. एकदा माझ्या चार्जरवरही पट्टी दिसली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, आता माझे डोळे तेवढे उरलेत."

"तुम्ही ते मिटता तरी, भाऊजी. चार्जर मिटत नाही."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, तळघरातल्या एका खोलीत काम करतात. खोलीला खिडकी नाही. होती, ती वहिनींनी बुजवून घेतली. तिथे एक यंत्र आहे, ते उजेडाचा एकेक कण मोजतं. आपण तांदूळ मापाने मोजतो, ते दाणादाणा मोजतं. अशा यंत्राला कोपऱ्यातला लाल ठिपका म्हणजे कानाशी वाजणारा बँड. म्हणून तिथे दिसेल त्या दिव्याला पट्टी, आणि तीच सवय लागल्यामुळे घरीही पट्टी.

आणि मी? मी दिवे विकतो. चौकाच्या तोंडाशी माझं दुकान आहे: बल्ब, ट्यूब, होल्डर, झुंबरं. एकाच घरात एक जण उजेड विकतो आणि एक जण तो झाकत फिरतो. दादा दोघांच्या मध्ये बसून वर्तमानपत्र वाचतो. नोकरीमुळे तो महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावीच असतो, म्हणून वहिनींना आणणं-सोडणं, आणि त्यांची फिरकी घेणं, ही दोन्ही कामं माझ्या वाट्याला आली.

वहिनी ज्याच्या मागे लागल्या आहेत त्याचं नाव डार्क एक्सायटॉन. मला त्यांनी निदान वीस वेळा समजावलं असेल. जे उरलं ते असं: दोन पदार्थांच्या मध्ये तिसऱ्या पदार्थाचा इतका पातळ थर द्यायचा, की केसाच्या जाडीत असे आठ हजार थर मावतील. त्या थराला म्हणतात क्वांटम विहीर. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "किती खोल आहे गं?"

"आई, तिची खोली नाही बघायची. ती किती अरुंद आहे ते महत्त्वाचं."

"मग पाणी कसं काढतात?"

पाणी काढत नाहीत. तिच्यावर लेझरचा झटका मारतात. त्याबरोबर एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि त्याची रिकामी झालेली जागा मागे राहते. इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा यांची जोडी जमते, ती एक्सायटॉन. बहुतेक जोड्या सेकंदाच्या अब्जाव्या भागात पुन्हा एक होतात, उजेडाचा एक कण सोडतात आणि संपतात. पण काही जोड्यांमध्ये दोघांची फिरण्याची दिशा अशी अडते की निसर्गाचा नियम त्यांना उजेड सोडू देत नाही. या जोड्या नुसत्या बसून राहतात. आहेत, पण दिसत नाहीत. त्या हजारपट जास्त जगतात, आणि विझता विझता अगदी थोडा, पुसट उजेड लांबपर्यंत सोडत राहतात. आलेखावर तो उजेड शेपटीसारखा दिसतो. वहिनींना ती शेपटी हवी होती.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, म्हणजे तुमच्यासारखंच की. काम करायचं तळघरात, कुणाला दिसायचं नाही."

वहिनी खरोखर रागावल्या. "मी कण नाही, भाऊजी. मला दर महिन्याला दाढदुखी होते." तेव्हापासून ती उपमा मी बंद केली.

पण त्यांची नोकरी तशीच होती, त्याला मी काय करू? अकरा वर्षं एकेका वर्षाचा करार. दर वर्षी खाकी पाकीट यायचं आणि आई विचारायची, "कायम झालीस का गं?" वहिनी म्हणायच्या, "अजून एक वर्ष, आई." शेजारच्या सुनेला चौथ्या महिन्यात कायम केलं होतं, हे आई त्या पाकिटाबरोबर न चुकता सांगायची. मग या वर्षी विभागात खरोखरच कायमची एक जागा निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. विभागप्रमुखांनी वहिनींना सांगितलं, "तुमची शेपटी आहे ना, मग काळजी कशाला?"

कारण शेपटी सापडली होती. चांगली लांब, गुळगुळीत, डोळ्यांत भरणारी. दीड वर्षापूर्वी तिच्यावरचा लेख छापून आला. आईने तो आलेख मोठा करून चौकटीत घातला आणि दिवाणखान्यात, आजोबांच्या फोटोशेजारी लावला. येणारा-जाणारा विचारायचा, "शेअर पडले का?" आई ठसक्यात सांगायची, "आमच्या सूनबाईची शेपटी आहे ती."

आता गोंदाकडे येतो. तो माझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

वहिनींचा एक नेम आहे: काहीही मोजायच्या आधी रिकामं मोजायचं. नमुना, म्हणजे त्या विहिरीचा तुकडा, न ठेवता यंत्र चालवायचं आणि काय दिसतं ते लिहून ठेवायचं. म्हणजे नंतर जे दिसेल त्यातलं नमुन्याचं किती आणि यंत्राच्या मनाचं किती, ते कळतं. हा नेम त्या घरीही पाळतात. ताप मोजायच्या आधी थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात. आईचा चहा कसा झालाय हे सांगायच्या आधी एक घोट साधं पाणी. माझ्या दुकानातून बल्ब नेला तर आधी खोलीत बल्ब नसताना किती उजेड आहे ते बघायचं. दहा गिऱ्हाइकं अशी मिळाली तर मी दुकानाला कुलूप लावीन.

नमुना तांब्याच्या चकतीवर चिकटवून द्रव हेलियमने थंड करतात. किती थंड? उणे दोनशे एकोणसत्तर. त्यासाठी त्यांचा ठरलेला एक गोंद होता. तो संपला, नवा यायला चार महिने लागणार होते. एका रविवारी जेवताना वहिनी त्यावर कुरकुरत होत्या. मी उठलो आणि कपाटातून झुंबराचे लोलक चिकटवायचा पारदर्शक गोंद काढून दिला. "घ्या. काच सोडत नाही, तुमची विहीर काय सोडेल?"

वहिनींनी तो नेला. लेझरखाली धरून बघितला, चमकला नाही. मग नमुना चिकटवला, थंड केला, आणि महिन्याभरात शेपटी. मी सगळ्या बाजाराला सांगत सुटलो, की आमच्या वहिनींचा शोध माझ्या गोंदावर उभा आहे. मला काय माहीत की ते शब्दशः खरं आहे.

शेपटी खरी की खोटी हे ओळखायची पक्की कसोटी म्हणजे चुंबक. बाजूने मोठा चुंबक लावला की त्या अंधाऱ्या जोड्यांना शेजारच्या उजळ जोड्यांचा थोडा गुण लागतो. मग त्या जरा जास्त चमकतात आणि जरा लवकर विझतात. शेपटी वर उचलली जाते आणि आखूड होते. पण मोठा चुंबक सगळ्या विद्यापीठात एकच, आणि वहिनींचा नंबर लागायला दीड वर्ष गेलं. शेवटी लागला, तो निवड समितीच्या बैठकीच्या बरोब्बर नऊ दिवस आधी.

त्या दिवशी संध्याकाळी मी न्यायला गेलो तर वहिनी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी हेलियमवाले काका, म्हणजे विभागात द्रव हेलियमचे डबे भरणारे गृहस्थ. एरवी बोलका माणूस, आज रिकाम्या डब्याचं झाकण पुसत बसला होता.

"हलली नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय हललं नाही?"

"शेपटी. चुंबक पूर्ण लावला, अर्धा लावला, उलटा लावला. जागची हलली नाही."

पुढचे तीन दिवस त्या घरी जेवायला तेवढ्या आल्या. चौथ्या दिवशी दुपारी दुकानात आल्या. मी एका गिऱ्हाइकाला झुंबर दाखवत होतो, चांगलं पटत आलं होतं. वहिनींनी गिऱ्हाइकाकडे बघितलंही नाही.

"भाऊजी, तो गोंद अजून आहे?"

"पेटीभर आहे. किती देऊ?"

"पाच नळ्या. वेगवेगळ्या पेट्यांतल्या." मग शांतपणे म्हणाल्या, "मी नमुना काढला. चकतीवर नुसता गोंद लावला आणि थंड केला. तीच शेपटी. वळणसुद्धा तेच."

खोलीच्या तापमानाला तो गोंद चमकत नाही, पण त्या भयंकर थंडीत लेझरचा झटका बसला की तो चमकतो आणि मुकाट्याने, सावकाश विझत राहतो. दीड वर्ष वहिनी माझ्या झुंबराच्या गोंदाचा अभ्यास करत होत्या. गिऱ्हाईक निघून गेलं. मला बसायला स्टूल सापडेना.

"पण तुम्ही रिकामं मोजता ना? नेहमी मोजता!" मी जवळजवळ ओरडलोच. आपल्या हातून वाटोळं झालं की माणूस दुसऱ्यावर ओरडतो, तसा.

"जुन्या गोंदाचं थंड मोजलं होतं. तुमचा गोंद नुसता बाहेर धरून बघितला." वहिनी नळ्या पिशवीत भरत होत्या. "बाहेरून मागवला असता तर थंड करून तपासला असता. तुम्ही दिला म्हणून नाही तपासला."

मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हे वाक्य मात्र मी अजून बाळगतोय.

मी माझ्या परीने मार्ग काढला. घरी जाताना गाडीत म्हटलं, "वहिनी, समिती पाच दिवसांवर आहे. हे कुणाला माहीत आहे? तुम्हाला, मला आणि हेलियमवाल्या काकांना. काका बोलणार नाहीत, गोंदाला तोंड नाही. आधी कायम व्हा. मग सावकाश सांगा चूक झाली म्हणून. चुका कायम माणसांनाही करता येतात."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि जी जागा मिळेल ती कशाबद्दल मिळेल, भाऊजी? गोंदाबद्दल. मग ती तुम्हालाच द्यायला पाहिजे."

दादाने फोनवर नुसतं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हटलं. घरापासून दूर असलेल्या माणसाला असं उदार होणं परवडतं. आईला काय सांगायचं हा प्रश्न होता, पण वहिनींनी तोही ठेवला नाही. जेवण झाल्यावर त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, ही माझी शेपटी नाही. हा गोंद आहे." आईने पदराने चौकटीची काच पुसली. मग म्हणाली, "असू दे. चौकट चांगली आहे." आणि काढू दिली नाही.

बैठकीच्या दिवशी मी वहिनींना घेऊन गेलो. त्यांच्या हातात दोन आलेख, माझ्या हातात गोंदाची पेटी, पुरावा म्हणून. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून पाच डोकी दिसत होती. वहिनी उभ्या राहिल्या, दोन आलेख एकावर एक ठेवले आणि उजेडासमोर धरले. दोन्ही रेघा एक झाल्या. आत कुणीतरी हसलं. मला उठून त्याची मानगूट धरावीशी वाटली. हेलियमवाले काका शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर वहिनींनी सांगितलं, की एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर हे कुणाला कळलं असतं?" वहिनी म्हणाल्या, "कुणालाच नाही." मग विभागप्रमुख म्हणाले, "निर्णय महिन्याभराने. तोवर काही नवं हाती लागलं तर पाठवा." म्हणजे दार पुरतं लागलं नव्हतं. एक महिना होता.

गोंद बाद झाला, मग नमुना धरायचा कशाने? इथे मी पुन्हा तोंड घातलं, कारण मला लाज नाही. जुन्या होल्डरमध्ये बल्बला धरणारी पितळी पट्टी असते, ती काढून दिली. "चिकटवू नका, नुसता दाबून धरा." वहिनींनी पट्टी उलटसुलट बघितली, वास घेतला आणि नेली.

दुसऱ्या आठवड्यात शेपटी दिसली. आधीच्या शेपटीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी, दात पडल्यासारखी, मधूनमधून तुटलेली. चुंबकवाल्यांच्या हातापाया पडून वहिनींनी अर्धा दिवस मिळवला. चुंबक लावला आणि ती उचलली गेली. आखूड झाली. काढला, पुन्हा खाली. मला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानातले सगळे दिवे एकदम लावले, आणि मुख्य फ्यूज उडाला.

"पाठवा आजच्या आज!" मी अंधारातून ओरडलो.

"पट्टी रिकामी मोजून व्हायचीय."

"वहिनी, चुंबकाने हलली ना? गोंद हलत नव्हता, ही हलली. अजून काय पाहिजे?"

"पितळ काय करतं ते मला माहीत नाही. ते तुमच्याच दुकानातलं आहे."

 आणि नेमका त्याच वेळी हेलियम द्रव करणारा पंप बिघडला. काकांनी सांगितलं, दोन आठवडे. मी रोज दुकान बंद करून काकांकडे जायचो आणि त्या पंपाकडे बघत उभा राहायचो, जसं काही माझ्या बघण्याने तो सुरू होणार होता. महिना संपत आला. वहिनी घरी शांतपणे भाजी निवडायच्या. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांची फिरकीसुद्धा घेतली नाही. तेव्हा आईने माझ्याच कपाळाला हात लावून बघितला.

पंप मंगळवारी सुरू झाला. वहिनी सकाळीच तळघरात गेल्या. आणि त्याच मंगळवारी दुपारी खाकी पाकीट घरी आलं. आमच्या आईला बंद पाकीट सहन होत नाही. तिने उघडलं, वाचलं आणि मला दुकानात फोन करून नुसतं म्हणाली, "तू जाऊन दे. माझ्याने सांगवणार नाही."

मी गेलो. दार ठोठावलं.

"पटकन आत या, दार लावा," आतून आवाज आला.

आत काळोख. स्वतःचा हात दिसेना. पडद्यावरही त्यांनी गडद काच लावली होती, तिच्यामागे एक रेघ पुसटशी दिसत होती. कुठेतरी पंप घरघरत होता. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, खिशात ते पत्र.

"पट्टी एकटी आहे आत," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "नमुना नाही. सकाळपासून झटके मारतेय. बघा."

मी बघितलं. लेझरच्या झटक्याचं एक टोक वर गेलेलं आणि मग काहीच नाही. सपाट. शेपटी नाही.

"पट्टी रिकामी आहे, भाऊजी." त्यांचा आवाज कापत होता. अकरा वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. "म्हणजे ती खरी होती. ती माझी होती."

 खिशातला कागद वाजला असावा, कारण त्या थांबल्या.

"पाकीट आलं?"

"आलं."

"कायम?"

"एक वर्ष."

पंप घरघरत राहिला. दिवा लावता येत नव्हता, मोजणी अजून संपली नव्हती. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही आणि त्यांना माझा दिसला नाही, हे बरंच झालं. एक आठवडा, वहिनी. एक आठवडा आधी पंप सुरू झाला असता तर. किंवा मी गोंद दिलाच नसता तर. हे सगळं मी मनातच म्हटलं.

मग त्या बोलल्या. "या जोड्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या जगतात, भाऊजी. आणि आम्ही त्यांना दीर्घायुषी म्हणतो. एक वर्ष म्हणजे पुष्कळ झालं."

मी रडलो. मोठा माणूस, दिव्यांचा व्यापारी, तळघरात भिंतीला टेकून रडलो. आवाज होऊ नये म्हणून मी मनगट तोंडावर दाबून धरलं, तशी बाही मागे सरकली.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या घड्याळाचे काटे चमकतायत. खिशात घाला."

मी घड्याळ काढलं आणि खिशात, पत्राशेजारी ठेवलं. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली, आणि मोजणी संपेपर्यंत आम्ही दोघं तिथे अंधारात उभे राहिलो.